एहेगावचा दरीपूल पाहायला जाताना: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी डोंबिवलीची. गेली काही वर्षं दर हिवाळ्यात ओळखीच्या मंडळींना घेऊन कसारा घाटातले जुने रेल्वेपूल दाखवायला जाते. जाण्याआधी आठवडाभर फोनवर तेच ते प्रश्न येतात, म्हणून सगळी उत्तरं इथे एकत्र लिहिली आहेत. काही उत्तरं एका ओळीची आहेत. काही लांबली, कारण तिथे सांगण्यासारखंच खूप आहे.

दरीपूल म्हणजे काय? तो साध्या पुलाहून वेगळा कसा?

साधा पूल नदी, ओढा किंवा रस्ता ओलांडतो. दरीपूल म्हणजे व्हायाडक्ट अख्खी दरी ओलांडतो. त्याच्याखाली पाणी वाहत असेलच असं नाही. उन्हाळ्यात खाली नुसते दगड, करवंदीच्या जाळ्या आणि गुरांच्या वाटा दिसतात. मग एवढा खटाटोप कशासाठी? गाडीला उतार सोसत नाही म्हणून. बैल दरीत उतरून पलीकडे चढू शकतो, आगगाडी तसं करू शकत नाही. तिला रूळ एका संथ चढावर हवे असतात. त्यामुळे जमीन खाली गेली तरी रुळांना आपल्या पातळीवर धरून ठेवावं लागतं, आणि त्यासाठी खालून खांब उभे करावे लागतात.

हा पूल नेमका कुठे आहे?

मध्य रेल्वेच्या कसारा आणि इगतपुरी या स्थानकांच्या मध्ये, थळ घाटात. आपण सगळे त्याला कसारा घाटच म्हणतो. मुंबईपासून कसारा सुमारे १२० किलोमीटर. लोकल तिथे संपते आणि घाट सुरू होतो.

किती मोठा आहे?

लांबी सुमारे ७५० फूट, आणि दरीच्या तळापासून उंची सुमारे १९० फूट. मुंबईकराला फुटांत उंची कळत नाही, मजल्यांत कळते. अठरा-एकोणीस मजली इमारत डोळ्यांसमोर आणा आणि तिच्या गच्चीवरून मालगाडी जाते आहे असं समजा. मुळात उंच दगडी खांब, त्यांवर त्रिकोणी जाळीच्या लोखंडी तुळया, अशी याची रचना होती. घाटातल्या सहा दरीपुलांमध्ये हा सर्वांत भव्य.

गाडी इथूनच का नेली? दुसरी वाट नव्हती का?

हा माझा सर्वांत आवडता प्रश्न आहे, म्हणून उत्तर सावकाश देते.

मुंबईला बंदर होतं, पण बंदराच्या पाठीशी सह्याद्री उभा होता. खानदेश-वऱ्हाडचा कापूस बैलांच्या तांड्यांवर घाट उतरून यायचा. वाटेत भिजायचा, धुळीने माखायचा, आणि पावसाळ्यात वाटच बंद व्हायची. इंग्लंडमधल्या गिरणीवाल्यांना हा कापूस हवा होता, मुंबईच्या व्यापाऱ्यांना तो विकायचा होता. रेल्वेच्या मागणीमागे असलेल्या लोकांत आपले नाना शंकरशेट पुढे होते. जमशेटजी जीजीभॉय यांच्यासोबत त्यांनी १८४५ साली त्यासाठी मंडळ काढलं. नानांचा जन्म मुरबाडचा, हे मुद्दाम सांगते, कारण गोष्ट मुरबाडच्याच बाजूने पुढे सरकते.

सुरुवातीच्या कल्पनेत गाडी माळशेज घाटाने वर न्यायची होती. मुरबाडवरून जाणारा तोच घाट, जिथे आज आपण पावसाळ्यात भजी खायला जातो. १८४९ साली ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वे म्हणजे जीआयपी कंपनीला इंग्लंडच्या संसदेची मान्यता मिळाली, आणि तिचे मुख्य अभियंता म्हणून जेम्स जॉन बर्कले इथे आले. त्यांनी सह्याद्रीच्या कड्यांवर अनेक हंगाम पाहणी केली आणि माळशेजचा नाद सोडायला लावला. त्याऐवजी दोन वाटा पक्क्या झाल्या. नाशिककडे जाणारी थळ घाटाची आणि पुण्याकडे जाणारी भोर घाटाची, म्हणजे आपला खंडाळा. मुरबाडकर अजून गाडीची वाट पाहत आहेत. नानांच्या गावाला गाडी नाही, ही गोष्ट मला दर वेळी टोचते.

थळ घाटाची वाट निवडली तरी डोंगर काही सपाट झाला नाही. साधारण सव्वानऊ मैलांच्या अंतरात गाडीला ९७२ फूट चढायचं होतं. सर्वांत तीव्र चढ ३७ ला १, म्हणजे ३७ फूट पुढे गेलं की एक फूट वर. चालणाऱ्या माणसाला हा चढ जाणवणारही नाही. लोखंडी रुळावर लोखंडी चाक घेऊन शेकडो टन ओढायचे असतील, तर तो फार मोठा. हा चढ सांभाळण्यासाठी १३ बोगदे खोदावे लागले आणि सहा दरीपूल बांधावे लागले. एहेगावची दरी टाळून वळसा घालायला डोंगराने जागाच ठेवली नव्हती.

घाट सुरू कधी झाला?

१ जानेवारी १८६५. त्याआधीचे टप्पे असे: बोरीबंदर ते ठाणे १६ एप्रिल १८५३, ठाणे ते कल्याण मे १८५४, कल्याण ते वाशिंद १८५५. मग मध्ये बरीच वर्षं गेली, आणि कसाऱ्यापर्यंत गाडी पोचली १ जानेवारी १८६१ ला. त्याच महिन्यात वरच्या अंगाला इगतपुरी ते नाशिक मार्गही सुरू झाला. म्हणजे चार वर्षं खाली एक रेल्वे होती, वर एक रेल्वे होती, आणि मधला घाट तेवढा बाकी होता. प्रवासी आणि माल घाटापुरता रस्त्याने चढवायचे.

वर्षं जुळवून पाहिली तर अजून एक गोष्ट दिसते. अमेरिकेतलं यादवी युद्ध १८६१ ते १८६५. त्या काळात अमेरिकेचा कापूस बंद झाला, मुंबईच्या कापसाला सोन्याचा भाव आला, आणि ज्या घाटातून तो कापूस भरभर उतरायला हवा होता तो अपुराच होता. घाट पूर्ण झाला त्याच वर्षी युद्ध संपलं आणि भाव कोसळले.

पूल बांधला कुणी?

पुस्तकी उत्तर: नकाशे बर्कले यांचे, ठेका वाइथ्स आणि जॅक्सन यांचा. बर्कले घाट पुरा झालेला पाहायला राहिले नाहीत. इथल्या हवेने त्यांची प्रकृती ढासळली, ते इंग्लंडला परतले आणि १८६२ साली वारले.

खरं उत्तर मात्र दरीत उभं राहिल्यावर सुचतं. एवढ्या उंचीवर एकेक घडीव दगड चढला तो माणसांच्या हातांनी आणि बैलांच्या जोरावर. पाथरवट, वडार, गवंडी, लोहार, सुतार, पखालवाले, भिस्ती, आणि टोपलीने माती-खडी वाहणाऱ्या हजारो बाया आणि बाप्ये. थळ आणि भोर ही दोन्ही घाटांची कामं एकाच सुमारास चालू होती. एकट्या भोर घाटात जानेवारी १८६१ मध्ये सुमारे ४२,००० माणसं कामावर होती. आजच्या हिशेबानेही हे एक मध्यम आकाराचं शहर झालं, आणि ते डोंगराच्या कड्यावर, झोपड्यांत राहत होतं.

त्या वेळी डायनामाइट नव्हतं. त्याचा शोध १८६७ चा. काळा कातळ फोडायचा तो साध्या दारूने. पहारीने घाव घालून घालून भोक पाडायचं, त्यात दारू ठासायची, वात लावायची आणि पळायचं. जिथे उभं राहायला जागा नव्हती तिथे माणसांना वरून दोराने कड्यावर सोडलं जायचं. तिथे लोंबकळत पहार चालवून आधी पाय टेकण्यापुरती खोबण करायची आणि मग पुढचं काम. दोर तुटला, कडा निसटला, सुरुंग वेळेआधी उडाला, अशी मरणं येत गेली. पण त्याहून जास्त माणसं पटकीने आणि तापाने नेली. एका झऱ्यावर हजारो माणसं पाणी भरत असतील, तर काय होणार ते सांगायला नको.

काम वर्षाचे आठ महिने चाले. पाऊस लागला की बहुतेक माणसं आपापल्या गावी शेतीला परतायची, आणि दसरा-दिवाळीनंतर पुन्हा घाटाकडे वळायची. ठेकेदारांना दर वर्षी नव्याने माणसं जमवावी लागत. मजुरीवरून तक्रारीही होत्याच. भोर घाटात १८५९ च्या जानेवारीत पगाराच्या कारणावरून कामगार खवळले आणि गोऱ्या मुकादमांवर चालून गेले. त्यानंतर चौकशी बसली, आणि १८६० साली मालक-मजुरांच्या तंट्यांसाठी कायदा झाला. भारतातल्या कामगारांच्या इतिहासात गिरण्यांच्या आधी घाट येतो, हे मुंबईत फार कमी लोकांना ठाऊक आहे.

आमच्यासोबत एकदा एक निवृत्त गवंडीकाका आले होते. दुर्बिणीतून खांबाकडे बराच वेळ पाहून म्हणाले, "सांधे बघ, दोरी लावून केल्यासारखे आहेत. पाऊस मिळेल तिथे खातो, पण इथे त्याला शिरायला जागाच दिलेली नाही." त्यानंतर मी स्वतः पूल पाहताना आधी सांधे पाहते.

बायकांचा सहभाग होता का?

हो, आणि दोन टोकांना होता. एक टोक वर आलंच. ओझी वाहणाऱ्या बाया प्रत्येक कामावर होत्या, पोरं तिथेच झाडाखाली झोळीत.

दुसरं टोक भोर घाटाचं. तिथला ठेका सॉलोमन ट्रेडवेल यांनी १८५९ साली घेतला आणि भारतात उतरल्यावर काही आठवड्यांतच ते आजारपणाने वारले. त्यांची पत्नी अॅलिस ट्रेडवेल यांनी इंग्लंडला परत न जाता ठेका स्वतःच्या नावावर चालवला. अॅडमसन आणि क्लोजर या अभियंत्यांना कामाची व्यवस्था बघायला नेमलं, आणि १८६३ मध्ये घाट पूर्ण करून दिला. कामाची छायाचित्रंही त्यांनी घेतली. हे मी मुलींच्या शाळांतून आलेल्या गटांना नेहमी सांगते, आणि लगेच पुढे हेही सांगते, की अॅलिसबाईंचं नाव राहिलं, टोपलीवालीचं राहिलं नाही.

असा एखादा पूल कोसळला होता म्हणतात, ते खरं का?

खरं, पण तो एहेगावचा नाही. भोर घाटातला आठ कमानींचा एक दगडी दरीपूल जुलै १८६७ च्या पावसात ढासळला. उभा राहून जेमतेम चार-पाच वर्षं झाली होती. दोष निघाला दगडकामात. बाहेरून घडीव दगडांचा देखणा पडदा, आत मात्र कच्चा भराव आणि निकस चुना. चुना नीट मुरवला नाही, चुन्याच्या घाण्यात पुरेसा मळला नाही, किंवा पावसाच्या आधी उरकायच्या घाईत सुकू दिला नाही, की तो दगडांना धरत नाही. आतून पाझर सुरू झाला की कमान बाहेरून शाबूत दिसते आणि एके दिवशी जाते. ही गोष्ट आपल्या शहरातल्या नव्या-जुन्या पुलांनाही लागू पडते, म्हणून मी ती टाळत नाही.

कसाऱ्यापर्यंत जायला जमणार नाही. मुंबईच्या जवळ काही आहे का?

आहे, आणि तुम्ही कदाचित रोज त्याच्या बाजूने जाता. ठाणे आणि कळवा यांच्या मधली खाडी. १८५४ साली गाडी कल्याणला नेण्यासाठी इथे दोन दगडी दरीपूल बांधले, एक १११ यार्डांचा आणि दुसरा १९३ यार्डांचा. भारतातले रेल्वेचे पहिले मोठे पूल म्हणून ते ओळखले जातात. गलबतांची ये-जा सुरू राहावी म्हणून खोल पाण्यावर ८४ फुटांचा लोखंडी गाळा, म्हणजे दोन खांबांमधला मोकळा भाग, ठेवला होता. त्या काळी खाडीतून कल्याणपर्यंत गलबतं जायची, आणि गाडीने गलबतांची वाट अडवायची नाही एवढं भान तेव्हाच्या आखणीत होतं. खाडी आली की मोबाईल खाली ठेवा आणि दाराच्या आतून बघा. ओहोटीला खांबांचे पाय जास्त दिसतात.

एहेगावच्या पुलावर चालता येतं का?

नाही. एक पाऊलही नाही.

विनवण्या करणारे खूप असतात, म्हणून कारण सांगते. हा चालू मार्ग आहे. दिवसरात्र मेल, एक्स्प्रेस आणि मालगाड्या जातात, वळणामुळे आणि बोगद्यांमुळे येणारी गाडी उशिरा दिसते, आणि पुलावर बाजूला व्हायला जागा नसते. विनापरवाना रुळांवर शिरणं हा रेल्वे कायद्याच्या कलम १४७ खाली गुन्हा आहे. त्याला सहा महिन्यांपर्यंत कैद, हजार रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही होऊ शकतात.

पहिल्यांदा गेले तेव्हा मीही चुकले होते. आम्ही तिघी रुळांच्या कडेने "जरा पुढे जाऊन बघू" म्हणून निघालो. समोरून गस्तीवर असलेले एक ट्रॅकमन आले, खांद्यावर हातोडा, हातात झेंडे. ते ओरडले नाहीत. म्हणाले, "ताई, माझी बायको रोज माझी वाट बघते, कारण मला इथं यावंच लागतं. तुम्हाला कुणी पाठवलंय?" आम्ही निमूट मागे वळलो. त्या दिवसापासून माझ्या कुठल्याही सहलीत रूळ ओलांडणं नाही, बोगद्याच्या तोंडाशी जाणं नाही.

मग पाहायचा कसा?

सर्वांत चांगला उपाय म्हणजे गाडीतूनच. उजेडी जाणारी नाशिककडची कोणतीही गाडी घ्या. कसाऱ्याहून गाडी निघाली की घाट लागतो. बोगद्यांतून अंधार-उजेड, अंधार-उजेड होतो. रुळांचा आवाज ऐकत राहा. जमिनीवर तो भरीव, दबका असतो. गाडी पुलावर आली की पोकळ होतो, घुमतो, आणि खिडकीबाहेरची झाडं एकदम नाहीशी होतात. खाली नुसती हवा. काही सेकंदांचा खेळ आहे, म्हणून जाताना एका बाजूला आणि येताना दुसऱ्या बाजूला बसा. दारात उभं राहू नका. घाटात गाडी झटके देते.

दुसरा उपाय रस्त्याचा. कसारा स्थानकाबाहेरून नाशिककडे शेअर जीपगाड्या मिळतात. जुना मुंबई-आग्रा रस्ता घाट चढतो, तेव्हा रेल्वेची लाईन दरीपलीकडच्या डोंगरात दिसत-लपत राहते. वर घाटनदेवीच्या देवळाजवळ उतरून देवीचं दर्शन घ्या आणि दरीकडे तोंड करून शांत बसा. गाड्यांना एवढे वळसे का घ्यावे लागतात ते तिथे एका नजरेत कळतं. पुलाच्या तळाशी उतरायचं असेल तर गावातला माहीतगार माणूस सोबत हवाच, पायवाटेने आणि रेल्वेच्या हद्दीबाहेरूनच, आणि त्याच्या दिवसाची मजुरी ठरवून द्या. "दाखवता का जरा?" म्हणून फुकट राबवू नका.

तिकीट कोणतं लागतं?

लोकलचं तिकीट किंवा पास कसाऱ्यापर्यंतच चालतो. पुढे इगतपुरीला जायचं तर मेल-एक्स्प्रेसचं तिकीट हवं. मुंबईहून लोकलने कसाऱ्याला अडीच तासांच्या आसपास लागतात. कसारा लोकल थोड्याच आहेत, त्यामुळे परतीची वेळ आधी पाहून ठेवा.

कोणत्या ऋतूत जावं?

नोव्हेंबर ते फेब्रुवारी. हवा स्वच्छ, गवत पिवळं, दगड स्पष्ट दिसतो.

पावसाळ्यात घाट वेड लावतो हे मान्य. पण तिथे वर्षाला तीन हजार मिलिमीटरहून जास्त पाऊस पडतो, धुकं इतकं की पूल सोडाच, शेजारचा डबा दिसत नाही. दरडी सुटतात. पावसाळ्यात रात्रभर कंदील-बॅटरी घेऊन रूळ तपासत फिरणारी माणसं असतात, त्यांच्या कामात आपण भर घालू नये. पाऊस पाहायचाच असेल तर गाडीतून पाहा.

गाडीला मागून आणखी इंजिनं का लावतात?

त्यांना बँकर म्हणतात. ३७ ला १ च्या चढावर एकट्या पुढच्या इंजिनाने ओढायला गेलं तर चाकं घसरू शकतात आणि डब्यांच्या जोडांवर फार ताण येतो. म्हणून कसाऱ्याला मागे बँकर लागतात, ते ढकलत वर नेतात आणि इगतपुरीला सुटतात. कसाऱ्याला गाडी थोडा वेळ थांबते आणि मागून एक हलका धक्का बसतो ना, ते हेच. मुलांना फलाटावरून हे जोडकाम दाखवा, त्यांना पुलाइतकंच आवडतं.

उतरताना प्रश्न उलटा. गाडी आवरायची कशी? त्यासाठी घाटात कॅच साइडिंग असतात. ब्रेक लागेनासे झालेली गाडी मुख्य मार्गावरून वळवून चढाच्या फाट्यावर घालायची, म्हणजे ती आपल्याच वजनाने थांबते.

जुन्या लोकांना अजून एक आठवण असेल. १९३० च्या सुमारास या घाटात विजेची गाडी आली. तेव्हाची लांबोडकी, मध्ये वाकणारी इंजिनं स्वित्झर्लंडची, आणि आपल्या रेल्वेवाल्यांनी त्यांना नाव ठेवलं होतं "खेकडा". पुढे इगतपुरीपलीकडे वेगळ्या दाबाची वीज आली, त्यामुळे कित्येक वर्षं इगतपुरीला इंजिन बदलायला गाडी थांबायची. तो थांबा म्हणजे आमच्या लहानपणी गरम वड्यांचा थांबा.

रिव्हर्सिंग स्टेशन ही काय भानगड होती?

डोंगर इतका उभा की गाडीला वळायला जागा नाही, तिथे गाडी सरळ एका फाट्यावर न्यायची, इंजिन दुसऱ्या टोकाला लावायचं आणि उलट्या दिशेने पुढचा चढ चढायचा. भोर आणि थळ दोन्ही घाटांत अशी व्यवस्था होती. नवे बोगदे काढल्यावर भोर घाटातलं रिव्हर्सिंग स्टेशन १९२९ साली बंद झालं.

लहान मुलं, वयस्कर माणसं येऊ शकतात का?

गाडीतून आणि घाटनदेवीपर्यंत, सगळे. दरीत उतरायचं तर गुडघे धड हवेत.

फोटो, ड्रोन?

गाडीच्या आतून मोबाईलने काढा. हात खिडकीबाहेर काढू नका. ड्रोन परवानगीशिवाय अजिबात नाही.

खायला काय मिळतं?

कसाऱ्याला वडापाव, इगतपुरीला वडापाव. पाणी घरून घ्या. प्लास्टिक दरीत टाकू नका.

एवढा जुना पूल पाडणार तर नाहीत ना?

चालू मार्गावरचा पूल रोजच्या कामात असतो. त्याची तपासणी, डागडुजी आणि मजबुती होत राहते, गरज पडली तर भाग बदलले जातात. जुन्या पुलांना खरी भीती वापर संपल्यावर असते. खंडाळ्याचा १८३० चा अमृतांजन पूल आठवा. एक्स्प्रेसवेवर तो अडचणीचा ठरला, आणि एप्रिल २०२० मध्ये टाळेबंदीत रस्ता रिकामा असताना पाडला गेला. त्याखालून आयुष्यभर गेलेल्या कित्येकांनी त्याचा एक नीट फोटोही काढून ठेवलेला नव्हता. मीही त्यांतलीच.

आता समृद्धी महामार्गाचा बोगदा झाला. घाटातून कशाला जायचं?

घाईत असाल तर खुशाल बोगद्यातून जा. जवळजवळ आठ किलोमीटरचा तो जुळा बोगदा २०२५ मध्ये वाहतुकीला खुला झाला आणि इगतपुरी मिनिटांवर आली. ज्या डोंगराला १३ बोगद्यांनी आणि सहा दरीपुलांनी हळूहळू वळसे घातले, त्याच्या पोटातून आता सरळ जाता येतं. पण बोगद्यातून सह्याद्री दिसत नाही. निदान एकदा जाताना बोगदा आणि येताना घाट असं करून पाहा.

जाण्याआधी मुंबईत काय पाहावं, कुठे वाचावं?

छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसच्या मुख्य इमारतीत रेल्वेचं वारसा संग्रहालय आहे. ते कामाच्या दिवशी दुपारी खुलं असतं, वेळ विचारून जा. बाहेरून इमारत पाहताना दर्शनी भागावरची नाना शंकरशेट आणि जमशेटजी जीजीभॉय यांची शिल्पं शोधा. फ्रेडरिक विल्यम स्टीव्हन्स यांनी आखलेली ही इमारत १८७८ ते १८८८ मध्ये उभी राहिली. म्हणजे घाट आधी झाले, महाल नंतर. घाटातून उतरलेल्या मालाच्या आणि प्रवाशांच्या पैशांवर तो उभा आहे. वाचायचं असेल तर ठाणे आणि नाशिक जिल्ह्यांची जुनी गॅझेटिअर्स घ्या. घाटातल्या बोगद्यांची आणि पुलांची मोजमापं त्यांत मिळतात. कागदपत्रांत खोल शिरायचं असेल तर काळा घोड्याला एल्फिन्स्टन कॉलेजच्या इमारतीत राज्य पुराभिलेखागार आहे.

"आमचे खापरपणजोबा घाटाच्या कामावर होते" असं घरात सांगतात. नाव सापडेल का?

हा प्रश्न दर वर्षी एक-दोघं तरी विचारतात, बहुतेक वेळा हळू आवाजात. मजुरांची नोंद ठेकेदार आणि मुकादम आकड्यांत ठेवत, त्यामुळे कंपनीच्या कागदांत अभियंत्यांची नावं भेटतात, हमालाची फारशी नाही. शोध घरातून सुरू करा. मूळ गाव कोणतं, तिथून कसारा-इगतपुरीकडे कोण कधी आलं, घराण्याचा धंदा कोणता, पाथरवटाचा की गवंड्याचा, छिन्नी-हातोडा कुणाकडे जपून ठेवला आहे का, आजीच्या जात्यावरच्या ओव्यांत घाट, सुरुंग, साहेब असे शब्द येतात का. मोबाईलवर तिचा आवाज ध्वनिमुद्रित करा, गावाचं नाव आणि तारीख त्यातच बोलून ठेवा. आमच्या गटातल्या एकाच्या आजीला अशी एक ओवी येत होती. त्यात दीर घाटावर गेला आहे, दिवाळी आली तरी परतला नाही, आणि ती वहिनी वाटेकडे बघत दळते आहे. आम्ही ती इगतपुरीच्या फलाटावर बसून तीनदा ऐकली, आणि तेवढ्यात खालून आलेल्या गाडीचे बँकर सुटले.